उजवीकडचं बटण

माझा स्वभाव चौकस आहे हे मी आधीच कबूल करतो. बायको त्याला वेगळा शब्द वापरते. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. सत्तावीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन तराजू, मापं आणि काटे तपासतोय. किलो गेल्या वर्षी जेवढा होता तेवढाच यंदाही असला पाहिजे, एवढं एकच तत्त्व मी आयुष्यात पाळलं. कोणी 'नव्या पिढीचा किलो' म्हणून पंधरा ग्रॅम इकडचे तिकडे केले, तर आम्ही त्याच्या तराजूला सील ठोकतो. त्यामुळे आईचा फोन बंद पडला आणि दुरुस्तीवाला तो हातात घेऊन म्हणाला, "साहेब, हे मॉडेल पाच पिढ्या मागे पडलं," तेव्हा माझ्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला.

"पाच पिढ्या म्हणजे किती वर्षं?" मी विचारलं.

"पाच."

आमच्या घराण्यात पाच पिढ्यांमागचा माणूस फोटोतसुद्धा सापडत नाही. मी त्याला तसं सांगितलं. त्याने माझ्याकडे न बघता फोन उघडला. आतली बॅटरी टम्म फुगली होती आणि तिने पडदा आतून ढकलून फोडला होता. बॅटरी मिळेल, पण पडदा मिळणार नाही, कारण खाली गोल बटण असलेला पडदा आता कोणी बनवत नाही, असं तो म्हणाला. नवा घ्या, याच कंपनीचा, याच नावाचा, फक्त नावापुढचा आकडा वाढलाय.

आता या गोल बटणाचं आमच्या घरात काय महत्त्व होतं ते सांगायला हवं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही. त्यामुळे तिने फोन बोटांनी पाठ केला होता. खालचं गोल बटण अंगठ्याने चाचपायचं आणि दाबायचं. तिथून एक अंगठा वर गेलं की तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मावशीचा फोटो. त्याला बोट लावलं की फोन लागतो. मग उजव्या कडेचं बटण पटपट पाच वेळा दाबायचं, की मावशीचा आवाज मोठा होतो. रोज दुपारी चार वाजता, मी आणि बायको आपापल्या ऑफिसात असताना, आई हा एवढा विधी करायची. मावशी दुसऱ्या गावी, ब्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. फोन तिची नर्स उचलते आणि तिच्या कानाशी धरते.

मी नवा फोन आणला. आईने तो हातात घेतला, अंगठा खालच्या बाजूला फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "उलटा दिलायस का?"

उलटा नव्हता. तो कुठूनही सारखाच लागत होता. पुढे गुळगुळीत, मागे गुळगुळीत, गोल बटण नाही, खाच नाही. कुठून एक अंगठा वर जायचं तेच कळत नव्हतं. आईने त्या दिवशी तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा तिने माझ्या साहेबांना फोन लावला, दुसऱ्यांदा स्वतःच्या कपाळाचा फोटो काढला. तिसऱ्यांदा काय झालं ते कोणालाच कळलं नाही, पण फोन त्यानंतर दोन दिवस परकी भाषा बोलत होता.

"फोनला तोंडाने सांगायचं, ताईला लाव म्हणून. तो लावतो," मी म्हणालो.

"म्हणजे अख्ख्या मजल्याला कळलं, मी कोणाशी बोलतेय ते," आई म्हणाली. "नको. माझी मी लावीन."

तोपर्यंत सोय म्हणून मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की माझ्या फोनवरून मावशीला फोन लावून देऊ लागलो. हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा करून, आईच्या समोर खुर्ची ओढून बसायचो. अधूनमधून दोघींना विषयही सुचवायचो. बायकोने दोनदा मला खुणेने आत बोलावलं. काहीतरी काम सांगायचं असेल असं समजून मी गेलो नाही. पूर्वी चाळीस-चाळीस मिनिटं चालणारं बोलणं आता तीन मिनिटांत आटपायला लागलं. बरी आहेस ना, जेवलीस ना, ठेवते. मला वाटलं, माझ्या हजेरीने बोलण्याला जरा शिस्त आली.

दहाव्या दिवशी आई म्हणाली, "आज नको लावूस."

अकराव्या दिवशीही नको. बाराव्या दिवशी ती खिडकीशी बसून होती आणि मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ताईचे काही फार दिवस राहिलेले नाहीत. पण जेव्हा बोलीन तेव्हा माझी मी बोलीन."

 अशा वेळीसुद्धा माझं कुतूहल गप्प बसेना. मला मुळात एक गोष्ट कळत नव्हती: फोनचा आकार किती दिवसांनी बदलावा, हे ठरवतं कोण? काही नियम आहे का? असला तर त्याची प्रत कुठे मिळते?

खात्यातून मी व्हर्नियर घरी आणला. व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारा चिमटा. सरकारी उपकरण खाजगी कामासाठी नेता येत नाही, म्हणून रीतसर अर्ज केला. प्रयोजनाच्या रकान्यात 'आईच्या फोनच्या पाच पिढ्यांची तपासणी' असं लिहिलं. साहेबांनी अर्ज परत पाठवला, शेरा मारला, 'पाचही पिढ्या अर्जदाराच्या आहेत काय?' मी खुलासा जोडला. खुलाशाला जावक क्रमांक नव्हता म्हणून तो परत आला. सहाव्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि खिशातून स्वतःचा फोन काढून हळूच म्हणाले, "जाताय तर हाही मोजून आणा. याला मागच्या वर्षीचं कव्हर बसत नाही."

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बसून मी पाचही पिढ्या मोजल्या. त्याच्याकडे मेलेले फोन डबाभर होते. मधल्या चार पिढ्यांत फरक होता तो असा: लांबी दीड मिलिमीटरने वाढली, पुढच्या वर्षी एकने कमी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा वाढली. कॅमेरा डावीकडून मधे आला आणि परत डावीकडे गेला. एखाद्या दुकानदाराने मापाशी इतकी चाळवाचाळव केली असती, तर मी त्याला नोटीस दिली असती.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"कव्हरसाठी," दुरुस्तीवाला म्हणाला. "माझं मत विचाराल तर दरवर्षी बदलावं. पण मला दरवर्षी विचारून बदलावं."

शेजारपाजारी विचारावं म्हटलं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, दहा वर्षं. अभ्यासक्रम दहा वर्षांनी बदलतो, कारण शिक्षकाला जुना पाठ व्हायला तेवढी लागतातच. बायको म्हणाली, "आपल्या हॉलचे पडदे एकोणीस वर्षं झाले बदलले नाहीत, त्याबद्दलही कोणाला विचारा." मी तो मुद्दा विषयाबाहेरचा म्हणून सोडून दिला.

मग कंपनीचं सेवा केंद्र. काचेचं दार, गार हवा, टोकन एकशे बारा. पंच्याऐंशी चालू होतं. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारलं, "फोनला काय झालंय?"

"फोनला काही नाही," मी म्हणालो. "त्याच्या आकाराला झालंय."

त्यांनी हसू तसंच ठेवून मला एक अभिप्राय-पत्रक दिलं. त्यात खरोखरच तो प्रश्न होता: 'नवे डिझाइन किती वेळा यावे असे आपणास वाटते?' उत्तरासाठी तीन चौकटी होत्या. दरवर्षी, दर सहा महिन्यांनी, आणि 'अधिक रंग हवेत'. मी समासात बारीक अक्षरात लिहायला लागलो. समास संपल्यावर मागच्या बाजूला गेलो. मागे कंपनीची जाहिरात होती, तिच्यातल्या मोकळ्या आकाशात लिहिलं.

"खरं सांगू का," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आतलं फारसं काही बदलत नाही. पण नवीन घेतलाय हे शेजाऱ्याला दिसायला नको का?"

"तुम्ही कुठला वापरता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहून पर्स अर्धवट उघडून दाखवली. आत खाली गोल बटण असलेला फोन होता. मी भर केंद्रात हात जोडले असते, पण तेवढ्यात एकशे तेराचा पुकारा झाला.

घरी येताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "निसर्ग डिझाइन एकदाच बदलतो. दुधाचे आणि मग कायमचे. तिसऱ्यांदा आम्ही बनवून देतो." आणि मग जे म्हणाल्या त्याने माझी झोपच उडाली: "जुन्या फोनचा साचा घेऊ या. कवळीचा घेतो तसा."

बाईंच्या दवाखान्यात जुना फोन पेशंटच्या खुर्चीत उशीवर ठेवला. त्यांनी तो लिंबाच्या रंगाच्या चिकट लगद्यात दाबला, आणि सवयीने म्हणाल्या, "दोन मिनिटं हलायचं नाही." मीसुद्धा हललो नाही. ठसा इतका सुरेख आला की कडेची बटणं, गोल बटणाची कड, एवढंच काय, एकदा फोन पडून पडलेला टवकाही त्यात उमटला होता. मग त्या ठशावरून, आत नवा फोन बसेल अशी खोळ त्यांनी कवळीच्याच पदार्थात घडवली. तो पदार्थ हिरड्यांच्या रंगाचा येतो. दुसरा रंग नाही का, असं मी विचारलं. निळ्या हिरड्यांना मागणी नसते, असं त्या म्हणाल्या.

बाई म्हणत होत्या, थोडं कमीजास्त झालं तर चालेल. ते ऐकून मला राहवेना. सत्तावीस वर्षं 'थोडं कमीजास्त'शीच मी भांडत आलोय. व्हर्नियर लावून मी त्यांना तीन वेळा घासायला लावलं. गोल बटणाच्या जागी उंचवटा, वर बरोबर एक अंगठा अंतरावर मावशीच्या फोटोपुरतं छिद्र. उजव्या कडेचं बटण जुन्या जागी होतं तिथेच, एक दशांश मिलिमीटरचाही फरक नाही. दाबलं की आतल्या नव्या फोनचं बटण दाबलं जात होतं. तिथेही एक बटण आहे हे पाहून मला बरं वाटलं. कंपनीला काहीतरी लाज असल्याचं ते लक्षण वाटलं मला. ते बटण कशाचं आहे हे पाहायचं मात्र राहून गेलं.

आईने खोळ हातात घेतली. अंगठा फिरला, उंचवट्यावर थांबला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"हाच," ती म्हणाली. "उद्या चारला लावीन."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. एवढ्या मोठ्या चाचणीला निरीक्षक हजर नको? आई पलंगावर बसली. मी समोर, हातात व्हर्नियर. दारात डॉक्टरीणबाई, दवाखाना बंद ठेवून आलेल्या. त्यांच्यामागे हेडमास्तर. आईने आमच्या दिशेने एकदा पाहिलं, म्हणजे तिला आमचे सहा कान दिसले असणार, आणि अंगठा वर नेला. आता सवयीप्रमाणे उजव्या कडेचं बटण. एक, दोन, तीन, चार, पाच.

फोन किंचाळायला लागला. भोंगा वाजावा तसा आवाज. आईला वाटलं ही नव्या फोनची रिंग. मलाही तसंच वाटलं. खरी गोष्ट मला नंतर कळली: जुन्या पिढीत जिथे आवाजाचं बटण होतं, तिथे नव्या पिढीत फोन चालू-बंद करायचं बटण आलंय, आणि ते लागोपाठ पाच वेळा दाबलं की फोन बाकी सगळं सोडून सरळ पोलिसांना लागतो. संकटकाळची सोय आहे ती. आम्ही ती अचूक बसवून दिली होती.

"बोला, काय मदत हवी आहे?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

आईला वाटलं मावशीची नर्स. "मदत कसली बाई," आई म्हणाली, "तीन आठवडे झाले, बहिणीशी मनातलं बोलता आलेलं नाही. हा मुलगा समोरून हलत नाही. आताही उभाच आहे. हातात काहीतरी लोखंडी आहे त्याच्या."

"कोण उभं आहे, आजी?"

"मुलगा. आणि दारात आणखी दोघं आहेत."

"आई, फोन दे इकडे," मी ओरडलो. "हे कोणीतरी भलतंच आहे." आणि फोन घ्यायला पुढे झालो. आईने तो छातीशी धरला. खोळ इतकी घट्ट बसवली होती की मला बंद करायचं बटण सापडेना.

"आजी, शांत राहा," पलीकडची बाई म्हणाली. "तुम्हाला घराबाहेर जाता येतं का?"

"दोन वर्षं झाली घराबाहेर पडून," आई म्हणाली. गुडघ्यांमुळे, हे सांगायचं तिला सुचलं नाही.

पत्ता फोनने आपणहून कळवला. नव्या पिढीत तीही सोय आहे. बारा मिनिटांत एक पोलीसबाई आणि एक पोलीस जिना चढून आले. सबंध इमारत कठड्याला लागली होती. ज्या माणसाला पाहून बाजारातले लोक वजनं लपवतात, त्याच्या हातातून व्हर्नियर काढून घेण्यात आला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला गेला. हे सरकारी उपकरण आहे, मी म्हणालो. मग तुमच्या घरी कसं, पोलिसाने विचारलं. अर्ज केला होता, मी म्हणालो. प्रयोजन काय लिहिलं होतं, त्याने विचारलं. मी ते सांगितल्यावर त्याने पिशवीला गाठ मारली. हेडमास्तर माझ्या बाजूने दोन शब्द बोलायला पुढे आले आणि त्यांनी शाळेपासून सुरुवात केली.

पोलीसबाईंनी सगळ्यांना बाहेर जिन्यात काढलं, मलाही, आणि घराचं दार आतून लावून घेतलं. तेवढ्यात, शेजाऱ्यांचा फोन गेल्यामुळे, बायको ऑफिसातून लवकर आली. गर्दी बाजूला सारत वर आली, माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं.

"आई बोलतायत का मावशींशी?" तिने विचारलं.

"पोलिसांशी बोलतेय."

"अहो, मी तुम्हाला खुणा करून करून थकले," ती म्हणाली. "तुमच्यासमोर त्या काय बोलणार? कोणाबद्दल बोलणार?"

 चाळीस मिनिटांची तीन मिनिटं कशाने झाली, ते मला तिथे जिन्यात उभं राहून कळलं. आईचा फोन कुठल्याही पिढीचा असता तरी ती तीनच मिनिटं झाली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. पोलीसबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं. त्यांच्या हातात ती गुलाबी खोळ होती. डॉक्टरीणबाईंनी ती मुकाट्याने ताब्यात घेतली.

"बहिणीला फोन लावून दिलाय," पोलीसबाई म्हणाल्या. "काचेवर फोटोच्या जागी कपाळाची टिकली चिकटवलीय मी. बोटाला लागते. आवाज मोठाच करून ठेवलाय, कडेचं बटण दाबायला नको. दोनदा करून दाखवलं त्यांनी, जमतंय."

टिकली. मी व्हर्नियरच्या पिशवीकडे पाहिलं नाही.

"तुमच्याविरुद्ध काही तक्रार नाही त्यांची," पोलीस वहीत लिहीत म्हणाला. "सही करा." मी वाचलं. 'वृद्ध महिलेस बहिणीशी एकटीने बोलावयाचे होते. बोलणे सुरू आहे.' मी सही केली. आयुष्यात इतका नेमका अहवाल मला लिहिता आलेला नाही.

तरी स्वभाव जाईल कुठे? पोलीसबाई निघाल्या तसा मी त्यांना थांबवलं. "एक विचारू का? फोनचं डिझाइन किती वर्षांनी बदलावं, याबद्दल आई काही म्हणाली का?"

"विचारलं मी," त्या म्हणाल्या. "एवढा गोंधळ कशाचा, म्हणून. तर म्हणाल्या, रोज बदला हवं तर, शिकेन मी. फक्त फोन लावून झाला की दार ओढून जात जा."

आतून आईचं हसू ऐकू आलं. तीन आठवड्यांत ते मी ऐकलं नव्हतं. त्यामागोमाग ती हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली, आणि मधेच 'हातात चिमटा घेऊन' एवढे शब्द नीट ऐकू आले. पुढचं ऐकायला मी नकळत दाराकडे वाकलो.

"साहेब," पोलीसबाई म्हणाल्या.

मी दोन पायऱ्या उतरलो.

"अजून," त्या म्हणाल्या.